ग्रे, सिव्हर्ट, राँटजेन, एमयू: यातलं कोणतं एकक कधी वापरायचं?

किरणोपचार तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: क्युरी, बेक्वेरेल, राँटजेन, रॅड, ग्रे, रेम, सिव्हर्ट ही सगळी एककं आणि त्यांची रूपांतरं पाठ आहेत, पण कुठे काय वापरायचं ते डोक्यात बसत नाही. क्ष-किरणांसाठी १ ग्रे म्हणजे १ सिव्हर्टच असेल तर दोन एककं कशाला? केर्मा आणि शोषित मात्रा दोन्ही ग्रेमध्येच सांगतात, मग त्यांत फरक काय? आणि लिनॅकवर, म्हणजे बाहेरून किरण देणाऱ्या उपचारयंत्रावर, २०० एमयू (मॉनिटर युनिट) दिले म्हणजे रुग्णाला २०० सेंटिग्रे मिळाले असं धरायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, तसं धरायचं नाही. कारण पुढे येईलच.

हा गोंधळ होतो, कारण एककांचा तक्ता आधी पाठ करून घेतला जातो आणि राशी नंतर शिकवली जाते. क्रम उलटा हवा. स्रोतापासून पेशीपर्यंत ऊर्जा टप्प्याटप्प्याने जाते आणि प्रत्येक राशी त्यातल्या एका विशिष्ट टप्प्यावरचं काहीतरी मोजते. त्यामुळे कोणताही आकडा समोर आला की विचारायचं: हे कशाचं मोजमाप आहे, कोणत्या माध्यमातलं, आणि कोणत्या बिंदूपाशी? "डोस २ ग्रे" हे वाक्य अपुरं आहे. "पाण्यात, १० सेंमी खोलीवर, मध्य-अक्षावर २ ग्रे" हे पूर्ण आहे. माझ्याकडे तोंडी परीक्षेला येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात.

आता स्रोतापासून सुरुवात करू. किरणोत्सारी पदार्थात दर सेकंदाला किती अणुकेंद्रकांचा ऱ्हास होतो, ते सांगणारी राशी म्हणजे सक्रियता, म्हणजे ॲक्टिव्हिटी. सेकंदाला एक ऱ्हास म्हणजे १ बेक्वेरेल. हे एकक व्यवहारात फारच लहान पडतं. जुनं एकक क्युरी हे १ ग्रॅम रेडियमच्या सक्रियतेवरून घेतलेलं, सेकंदाला ३,७०० कोटी ऱ्हास. एचडीआर ब्रॅकीथेरपीत (किरणोत्सारी स्रोत गाठीत किंवा गाठीजवळ नेऊन करायच्या झटपट उपचारात) नवा इरिडियम-१९२ स्रोत बहुतेक वेळा १० क्युरीच्या आसपासचा येतो, म्हणजे ३७० गिगाबेक्वेरेल.

पण सक्रियता कळली म्हणून डोस कळत नाही. दोन स्रोतांची सक्रियता सारखी असली तरी एकातून फक्त बीटा कण निघत असतील आणि दुसऱ्यातून भेदक गॅमा किरण, तर १० सेंमीवरच्या ऊतीला मिळणारा डोस पूर्णपणे वेगळा असेल. शिवाय स्रोत धातूच्या कुपीत बंद असतो आणि थोडे किरण त्या कुपीतच शोषले जातात. म्हणून ब्रॅकीथेरपीत स्रोताची ताकद 'एअर केर्मा स्ट्रेंग्थ' या राशीत सांगतात: कुपीबाहेर, ठरलेल्या अंतरावर, हवेत प्रत्यक्ष काय मिळतं ते. स्रोताच्या प्रमाणपत्रावर दोन्ही आकडे असतात. प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरताना तिथे कोणती राशी आणि कोणतं एकक मागितलंय ते आधी वाचा.

सक्रियतेबरोबर अर्धायुष्य येतं. इरिडियम-१९२ चं सुमारे ७४ दिवस, कोबाल्ट-६० चं ५.२७ वर्षं. हे आकडे पाठ असतात, पण त्यांचा रोजच्या कामातला अर्थ लक्षात ठेवणं जास्त उपयोगी. इरिडियम दिवसाला साधारण १ टक्का कमी होतो, कोबाल्ट महिन्याला साधारण १.१ टक्का. म्हणजे आज जो इरिडियम उपचार ५ मिनिटांत होतो, तोच ७४ दिवसांनी १० मिनिटं घेईल, डोस तेवढाच. रुग्ण विचारतात, "मागच्या वेळी लवकर झालं होतं, आज इतका वेळ का?" तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे.

हा ऱ्हास घातांकी असतो, सरळ रेषेत होत नाही. ही फक्त परीक्षेपुरती गोष्ट आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९७४ ते १९७६ दरम्यान काय झालं ते ऐका. तिथल्या एका कोबाल्ट यंत्राचं आउटपुट (ठरावीक वेळात मिळणारा डोस) वेळोवेळी न मोजता आलेखावरून वाचलं जात होतं, आणि तो आलेख साध्या कागदावर सरळ रेषा ओढून पुढे वाढवलेला होता. खरा ऱ्हास वक्र असतो आणि हळूहळू मंदावतो, सरळ रेषा मात्र खाली खालीच जाते. त्यामुळे यंत्र जेवढं देत होतं त्यापेक्षा कमी देतंय असं समजून उपचाराचा वेळ वाढवत नेला गेला. शेकडो रुग्णांना जादा डोस मिळाला. जादा म्हणजे सुरुवातीला १० टक्क्यांच्या आसपास आणि पुढे ४५ टक्क्यांपर्यंत. मधल्या काळात आयनीकरण मोजणारा चेंबर लावून एकदा जरी मोजलं असतं तरी हे उघडकीला आलं असतं.

स्रोतातून निघालेला फोटॉन आता शरीरात शिरतो. त्याआधी एक छोटी गोष्ट सांगते, कारण केव्ही (किलोव्होल्ट), एमव्ही (मेगाव्होल्ट) आणि एमईव्ही (मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट) यांत सरमिसळ फार होते. व्होल्ट हे विद्युतदाबाचं एकक, इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं. लिनॅकच्या '६ एमव्ही' बीममधले सगळे फोटॉन ६ एमईव्हीचे नसतात. तिथे ६ एमईव्ही ही कमाल ऊर्जा असते, सरासरी तिच्या साधारण एक-तृतीयांश. इलेक्ट्रॉन बीमला मात्र '६ एमईव्ही' म्हणतात, कारण बाहेर पडताना तिथले जवळपास सगळे कण एकाच ऊर्जेचे असतात. कोबाल्ट-६० चे गॅमा १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे, सरासरी १.२५. म्हणून कोबाल्ट बीमची भेदकता ६ एमव्हीपेक्षा कमी असली तरी अंदाजाइतकी कमी नसते.

फोटॉन ऊतीशी तीन मुख्य प्रकारे आंतरक्रिया करतो. प्रकाशविद्युत परिणाम कमी ऊर्जेला प्रबळ असतो आणि अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. निदानाच्या एक्स-रेमध्ये हाड इतकं उठून दिसतं ते यामुळेच. कॉम्प्टन परिणामाला अणुक्रमांकाशी जवळजवळ देणंघेणं नाही, त्याला इलेक्ट्रॉनची घनता लागते. युग्मनिर्मितीला किमान १.०२२ एमईव्ही ऊर्जा लागते आणि तिचा वाटा बऱ्याच वरच्या ऊर्जेला जाणवू लागतो. पाण्यात साधारण ३० केईव्हीपासून २० एमईव्हीच्या पुढपर्यंत कॉम्प्टनचंच राज्य चालतं, म्हणजे किरणोपचाराचा जवळजवळ सगळा मुलूख त्याच्याकडे. लिनॅकवर उपचाराच्याच बीमने काढलेल्या एमव्ही पोर्टल इमेजमध्ये हाड आणि मऊ ऊती जवळपास सारख्याच करड्या दिसतात, त्याचं कारण हेच. उपचाराच्या दृष्टीने हे फायद्याचं आहे, कारण हाडाला विनाकारण जास्त डोस जात नाही.

पुढच्या सगळ्या राशी ज्यावर उभ्या आहेत ती गोष्ट आता. फोटॉन स्वतः ऊतीला फारशी ऊर्जा देत नाही. तो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन सोडतो आणि मग तो इलेक्ट्रॉन धावत जाऊन वाटेत हजारो ठिकाणी आयनीकरण करतो. हवेत एक आयन-जोडी तयार करायला सरासरी ३३.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे १ एमईव्हीचा एक इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत जवळपास ३० हजार आयन-जोड्या तयार करतो. ऊर्जा आधी हस्तांतरित होते, मग शोषली जाते, असे हे दोन वेगळे टप्पे आहेत. मधल्या वेळात इलेक्ट्रॉन जागा बदलतो.

केर्मा आणि शोषित मात्रा यांतला फरक इतकाच आहे. फोटॉनने एखाद्या बिंदूपाशी प्रतिकिलो किती ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या हवाली केली, ती केर्मा. इलेक्ट्रॉनांनी त्या बिंदूपाशी प्रतिकिलो किती ऊर्जा सोडली, ती शोषित मात्रा, म्हणजेच बोलण्यातला डोस. दोन्ही ज्यूल प्रतिकिलो, म्हणून दोन्हींचं एकक ग्रे. पण हिशेब दोन वेगळ्या जागांचा.

याचं सगळ्यात ठळक दर्शन बिल्ड-अपमध्ये होतं. ६ एमव्हीचा बीम त्वचेवर पडतो तेव्हा केर्मा पृष्ठभागापाशीच सर्वात जास्त असते, कारण फोटॉन तिथे अजून क्षीण झालेले नसतात. पण तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन पुढच्या दिशेने पळतात आणि आपली ऊर्जा काही मिलिमीटर ते सेंटिमीटर आत जाऊन सोडतात. पृष्ठभागाला मागून इलेक्ट्रॉन पुरवणारं जवळजवळ कुणी नसतं. म्हणून १० × १० सेंमीच्या उघड्या फिल्डला पृष्ठभागावरचा डोस कमाल डोसच्या १५ ते २० टक्क्यांच्या घरात असतो, मग वाढत वाढत साधारण १.५ सेंमी खोलीवर कमाल होतो, आणि तिथून पुढे फोटॉनांबरोबर घसरतो. कमाल डोसची ही खोली कोबाल्टला ०.५ सेंमी, १० एमव्हीला २.५ सेंमीच्या आसपास. त्या खोलीच्या पुढे डोस आणि केर्मा हातात हात घालून उतरतात, डोस किंचित वर राहून.

हे समजलं की बोलस का ठेवतात हे वेगळं शिकावं लागत नाही. छातीच्या भिंतीवर उपचार करताना त्वचेलाही पूर्ण डोस हवा असेल, तर ऊतीसारखा पदार्थ वर ठेवून बिल्ड-अप त्यातच उरकून घ्यायचा. तो त्वचेला नीट चिकटून बसला पाहिजे. खाली हवेची पोकळी राहिली तर जे साधायचं तेच निम्मं हातचं जातं, आणि ही गोष्ट टेबलापाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञालाच दिसते. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ती कळत नाही.

राँटजेनबद्दल थोडक्यात. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि राँटजेन हे एकक १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलं गेलं. ते फक्त हवेतलं आयनीकरण मोजतं: १ राँटजेन म्हणजे १ किलो हवेत ०.०००२५८ कूलोम प्रभार. एका आयन-जोडीला ३३.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात हे वर आलंच, म्हणजेच एका कूलोममागे ३३.९७ ज्यूल. गुणाकार केला की १ राँटजेनला हवेत ०.८७६ सेंटिग्रे मिळतात. हे एकक फक्त फोटॉनांसाठी, फक्त हवेसाठी आणि साधारण ३ एमईव्हीपर्यंतच चालतं, कारण त्यावर इलेक्ट्रॉनांचा पल्ला इतका वाढतो की मोजमापाला लागणारा समतोल साधत नाही. लिनॅकच्या काळात त्याचा उपयोग जवळपास संपलाय. जुन्या सर्व्हे मीटरवर मात्र 'मिलिराँटजेन प्रतितास' अजून दिसतं. तिथे १ राँटजेन म्हणजे साधारण १ सेंटिग्रे धरून अंदाज बांधला तर सुरक्षेच्या कामापुरतं भागतं.

आता शोषित मात्रा. १ ग्रे म्हणजे १ किलो पदार्थात १ ज्यूल. जुना रॅड १९५३ चा, १०० रॅड म्हणजे १ ग्रे. ग्रे हे नाव १९७५ मध्ये स्वीकारलं गेलं, लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. हे नाव फार चपखल आहे असं मला वाटतं, कारण चेंबरच्या पोकळीतल्या हवेत मोजलेल्या आयनीकरणावरून भोवतालच्या माध्यमातला डोस कसा काढायचा, हा पोकळीचा सिद्धांत ब्रॅग आणि ग्रे यांचाच. आपण रोज चेंबर पाण्यात बुडवतो तेव्हा तोच सिद्धांत वापरत असतो. बोलण्यात आणि कागदावर सेंटिग्रे टिकून राहिला, कारण १ सेंटिग्रे म्हणजे बरोबर १ रॅड, आणि जुन्या लोकांना आकडे बदलावे लागले नाहीत.

एक ज्यूल ही किती ऊर्जा? पूर्ण शरीराला ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर जगण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते. तेवढ्याच डोसने पाण्याचं तापमान किती वाढतं ते मोजून पाहा: ४ ज्यूल प्रतिकिलो भागिले ४,१८६, म्हणजे एक अंश सेल्सिअसचा हजारावा भागही नाही. अर्थात नुकसान उष्णतेचं नसतं. ऊर्जा एकाच ठिकाणी, डीएनएच्या दोन्ही धाग्यांजवळ, गठ्ठ्याने पडते हे घातक ठरतं. १ ग्रेला एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याच्या ३०-४० घटना होतात. हेच तापमान अतिसंवेदनशील उपकरणांनी मोजून कॅलोरीमीटरवर डोसचं प्राथमिक प्रमाण ठरवतात, आणि तुमच्या चेंबरच्या प्रमाणपत्रावरचा गुणांक त्याच साखळीतून येतो.

ग्रे हा 'प्रतिकिलो' आहे हे विसरलं की एक हमखास चूक होते. फुप्फुसाला २ ग्रे आणि यकृताला २ ग्रे मिळाले म्हणजे रुग्णाला एकूण ४ ग्रे मिळाले, असं कुणीतरी म्हणतं. तसं होत नाही. दोन वेगळ्या जागांच्या मात्रा बेरीज करता येत नाहीत, तिथे दोन्ही ठिकाणी २ ग्रेच आहेत. एकाच बिंदूला सोमवारी २ आणि मंगळवारी २ मिळाले तर ती बेरीज ४ होते, पण जैविक परिणाम एकाच बैठकीत दिलेल्या ४ ग्रेइतका होत नाही. त्यासाठी अल्फा-बीटा गुणोत्तर आणि ईक्यूडी-२ चं गणित लागतं. ते पुढच्या वर्षी येईल.

आता मोजमाप. इथे थोडं थांबते, कारण पुस्तकात हा भाग सूत्राच्या एका ओळीत आटोपतो आणि प्रत्यक्षात दिवस त्यातच जातो.

पाण्याच्या फँटममध्ये, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत, ०.६ घनसेंमीचा फार्मर प्रकारचा चेंबर ठेवा. आतल्या हवेचं वस्तुमान जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. पाण्यात त्या ठिकाणी १ ग्रे मिळत असेल तर हवेला त्यापेक्षा थोडा कमी डोस मिळतो, कारण ६ एमव्हीला पाणी हवेपेक्षा इलेक्ट्रॉनांना प्रतिग्रॅम साधारण १.१२ पट जास्त थोपवतं. म्हणजे हवेत सुमारे ०.८९ ग्रे. त्याला ३३.९७ ने भागा, वस्तुमानाने गुणा, उत्तर येतं १९ नॅनोकूलोमच्या जवळपास. इलेक्ट्रोमीटरवर १ ग्रेला १८-२० नॅनोकूलोम दिसलं की सगळं जागेवर आहे असा पहिला अंदाज बांधता येतो. २ किंवा २०० दिसलं तर आधी रेंजचं बटण, मग बायस व्होल्टेज, मग केबलची जोडणी तपासा.

आता तापमान-दाब दुरुस्ती. चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असतो. हवा गरम झाली किंवा दाब कमी झाला की आतली हवा विरळ होते, वस्तुमान घटतं आणि तेवढ्याच डोसला प्रभार कमी जमतो. दुरुस्तीचा गुणांक असा: (२७३.२ + तापमान) भागिले (२७३.२ + संदर्भ तापमान), गुणिले संदर्भ दाब भागिले मोजलेला दाब. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) टीआरएस-३९८ या मोजमाप-पद्धतीत संदर्भ २० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल आहेत. अमेरिकी टीजी-५१ पद्धतीत संदर्भ तापमान २२ अंश धरतात, तेव्हा प्रमाणपत्रावर कोणता संदर्भ छापलाय ते बघूनच आकडा टाका.

समजा पाण्याचं तापमान २६ अंश आणि दाब ९४ किलोपास्कल आहे. पहिला भाग २९९.२ भागिले २९३.२, म्हणजे १.०२०५. दुसरा १०१.३२५ भागिले ९४, म्हणजे १.०७८. गुणाकार १.१०. एकूण दुरुस्ती १० टक्क्यांची, आणि तिचा मोठा वाटा दाबाचा. समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंचीवर असा दाब नेहमीचाच. इथे नवशिका हमखास काय करतो? भिंतीवरचा बॅरोमीटर बंद पडलेला असतो, म्हणून हवामानाच्या संकेतस्थळावरचा आकडा घेतो. तिथला दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला रूपांतरित करून दिलेला असतो, १०१ किलोपास्कलच्या आसपास. तो वापरला की मोजलेलं आउटपुट सुमारे ७ टक्के कमी दिसतं. त्यावर विश्वास ठेवून कुणी यंत्राचं आउटपुट वर चढवलं, तर त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला जवळपास ८ टक्के जास्त डोस जाऊ लागतो. रोजच्या आउटपुट तपासणीत ३ टक्के आणि महिन्याच्या तपासणीत २ टक्के ही टीजी-१४२ या लिनॅक तपासणीच्या अमेरिकी अहवालातली मर्यादा आहे. यावरून ही चूक किती मोठी ते कळेल. तापमानही खोलीचं घेऊ नका, पाण्याचं घ्या, आणि टाकी भरल्या भरल्या मोजायला बसू नका.

मग ही दुरुस्ती, आयनांच्या पुनर्संयोगाची दुरुस्ती, ध्रुवतेची दुरुस्ती, प्रमाणपत्रावरचा कोबाल्टसाठीचा गुणांक आणि बीमच्या गुणवत्तेसाठीचा गुणांक, हे सगळं मोजलेल्या प्रभाराला गुणलं की पाण्यातला डोस मिळतो. नावं बरीच आहेत, पण दाब आणि प्रमाणपत्रावरचा गुणांक सोडला तर बाकीचे बहुतेक एकाच्या एक-दोन टक्क्यांतच खेळतात.

आता एमयू. मॉनिटर युनिट हे डोसचं एकक नाही. लिनॅकच्या डोक्यात बीमच्या वाटेवर एक चेंबर बसवलेला असतो आणि त्यात ठरावीक प्रभार जमला की मोजणी एकाने पुढे सरकते. यंत्राला रुग्णाबद्दल काहीच माहीत नसतं. त्या मोजणीचा डोसशी संबंध आपण जोडतो: उदाहरणार्थ, १० × १० सेंमी फिल्ड, एसएसडी (स्रोतापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर) १०० सेंमी, कमाल डोसच्या खोलीवर १ एमयू म्हणजे १ सेंटिग्रे. काही केंद्रं हेच जुळणं आयसोसेंटरपाशी (यंत्र ज्या बिंदूभोवती फिरतं तिथे) १० सेंमी खोलीवर करतात. म्हणून आपल्या विभागात काय रूढ आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. अट बदलली की नातं बदलतं.

वरच्याच अटीत १० सेंमी खोलीवर २०० सेंटिग्रे द्यायचे आहेत असं धरा. ६ एमव्हीला तिथे खोलीनुसारच्या डोसची टक्केवारी साधारण ६६.७. मग २०० भागिले ०.६६७, म्हणजे ३०० एमयू. वाटेत ०.७ गुणांकाची वेज (किरण कमी करणारी धातूची पाचर) घातली तर सुमारे ४२९. फिल्ड लहान केली की विकिरण कमी, त्यामुळे आणखी थोडे वाढतील. आयएमआरटीत (किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या उपचारात) तर बीम अडवणारी धातूची पानं सतत हलतात आणि कुठल्याही क्षणी लक्ष्याचा थोडाच भाग उघडा असतो. तिथे २ ग्रेसाठी हजाराच्या घरात एमयू लागणं वावगं नाही. त्यामुळे पडद्यावर एमयूचा मोठा आकडा दिसला म्हणून रुग्णाला जास्त डोस जातोय असा निष्कर्ष काढू नका. मात्र कालच्या फ्रॅक्शनला (उपचाराच्या बैठकीला) ३१० होते आणि आज त्याच फिल्डला ४३० दिसत असतील, तर बीम सुरू करायच्या आधी थांबा आणि विचारा.

राहिला सिव्हर्ट. हे नाव स्वीडनचे रॉल्फ सिव्हर्ट यांच्यावरून, एकक म्हणून स्वीकृती १९७९ ची. ग्रे फक्त ऊर्जा मोजतो. पण तेवढीच ऊर्जा अल्फा कणांनी दिली तर कर्करोगाचा धोका फोटॉनांपेक्षा बराच जास्त वाढतो. म्हणून विकिरण भारांक: फोटॉन आणि इलेक्ट्रॉनांना १, प्रोटॉनांना २, अल्फाला २०, न्यूट्रॉनांना ऊर्जेनुसार बदलता. हे आकडे आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाच्या २००७ च्या शिफारशींतले. शोषित मात्रेला या भारांकाने गुणलं की समतुल्य मात्रा, एकक सिव्हर्ट. फोटॉनांसाठी भारांक १ असल्यामुळे १ ग्रे आणि १ सिव्हर्ट आकड्याने सारखे दिसतात. पण एक मोजलेली ऊर्जा आहे आणि दुसरा धोक्याचा अंदाज.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे परिणामी मात्रा. प्रत्येक अवयवाची समतुल्य मात्रा त्याच्या ऊती भारांकाने गुणून बेरीज करायची. फुप्फुस, स्तन, जठर, मोठं आतडं, लाल अस्थिमज्जा यांना प्रत्येकी ०.१२, थायरॉइडला ०.०४, त्वचेला ०.०१. फक्त थायरॉइडला क्ष-किरणांचे १०० मिलिग्रे मिळाले तर थायरॉइडची समतुल्य मात्रा १०० मिलिसिव्हर्ट, पण परिणामी मात्रा ४ मिलिसिव्हर्ट. अर्थ असा की दीर्घकालीन धोक्याच्या दृष्टीने हे पूर्ण शरीराला ४ मिलिसिव्हर्ट मिळण्यासारखं आहे.

मग गाठीला '६० सिव्हर्ट' का लिहायचं नाही? कारण हे सगळे भारांक कमी मात्रेवर कर्करोग आणि आनुवंशिक परिणामांच्या शक्यतेसाठी, लोकसंख्येच्या सरासरीवर बेतलेले आहेत. गाठीतल्या पेशी मारणं, त्वचा लाल होणं, मज्जारज्जूला इजा होणं हे वेगळ्या प्रकारचे परिणाम आहेत, त्यांना हे भारांक लागू नाहीत. स्तनाच्या ६० ग्रेला ०.१२ ने गुणून ७.२ सिव्हर्ट काढता येतात, गणिताला कुणी अडवत नाही, पण त्या आकड्याला अर्थ नाही. प्रोटॉनचं उदाहरण घेतलं की हे लख्ख दिसतं. संरक्षणाच्या हिशेबात प्रोटॉनचा भारांक २, पण उपचारात जैविक परिणामकारकता १.१ धरतात. उपचाराचा डोस २ ने गुणून ठरवला असता तर गाठीला जवळपास निम्माच मिळाला असता. म्हणून प्रोटॉन प्लॅनवर 'ग्रे-आरबीई' लिहिलेलं असतं, सिव्हर्ट नाही.

तुमच्या छातीवरच्या बॅजचा अहवाल मात्र मिलिसिव्हर्टमध्ये येतो, आणि तिथे तेच एकक योग्य. आयसीआरपीची मर्यादा किरणोत्सर्गी कामात असलेल्यांसाठी ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही, सर्वसामान्यांसाठी वर्षाला १. देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात. तुलनेसाठी, नैसर्गिक पार्श्वभूमीची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट. रुग्णाच्या उपचाराला या मर्यादा लागू होत नाहीत. नातेवाईक विचारतात तेव्हा हे शांतपणे समजावून सांगावं लागतं.

जाता जाता, रेडिओलॉजीतून आलेले विद्यार्थी लेड ॲप्रन कुठे आहेत असं विचारतात, त्याचंही उत्तर वर आलेल्या भौतिकशास्त्रातच आहे. निदानाच्या ऊर्जेला शिशात प्रकाशविद्युत परिणाम जोरात चालतो, म्हणून अर्धा मिलिमीटर शिसं पुरतं. कोबाल्टच्या १.२५ एमईव्हीला कॉम्प्टन चालतो आणि किरण निम्मे करायलाच सुमारे १.२ सेंमी शिसं लागतं. अर्ध्या मिलिमीटरचा ॲप्रन तिथे ३ टक्क्यांच्या आसपास अडवेल. म्हणून आपल्याकडे भिंती मीटर-दीड मीटर काँक्रीटच्या असतात, दाराला इंटरलॉक असतो, आणि बीम सुरू करण्याआधी खोलीत रुग्णाशिवाय कुणी नाही हे शेवटचं बाहेर पडणाऱ्याने स्वतः बघायचं असतं.